मुक्कामाला न पोचणारी पॅकेटं

पुण्यातल्या घरातून लंडनमधल्या संगणकाकडे निघालेल्या पॅकेटवर दोन पत्ते असतात: कुठून निघालं आणि कुठे जायचं. मधली वाट सहसा त्यावर नसते. वाटेतल्या प्रत्येक राउटरला फक्त पुढचा टप्पा ठाऊक असतो, अख्खा रस्ता कुणालाच ठाऊक नसतो. वाटेतले पत्ते टिपून घ्यायची एक सोय मूळ नियमांत होती, पण तिच्यात नऊच पत्ते मावायचे. मग साइट उघडेनाशी झाली, तर नेमकं कुठे अडलंय हे विचारायचं कुणाला? नेटवर्क सांभाळणारी माणसं अशा वेळी ‘ट्रेस काढ’ म्हणतात. टर्मिनलवर ट्रेसराउट असं टाइप करून पुढे पत्ता द्यायचा. विंडोजवर याच कामाची आज्ञा ट्रेसर्ट.

ट्रेसराउट हा प्रोग्राम लिहिला व्हॅन जेकबसन यांनी, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत. तिथून बर्कली विद्यापीठ अवघं 400 यार्डांवर. तरीही 1986 च्या ऑक्टोबरमध्ये पॅकेटांच्या गर्दीमुळे या दोन जागांमधला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर घसरला होता. त्या गर्दीवर जेकबसन यांनी काढलेले उपाय आजही इंटरनेट सावरून धरतात. त्याच काळातलं हे धाकटं अपत्य. मूळ कोडमधल्या टिपणात ते लिहितात की मार्गातला एक बिघाड शोधताना 48 तासांच्या जागरणानंतर हा कोड बाहेर पडला, त्याचा नमुना कुणी गिरवू नये. कल्पना स्टीव्ह डीअरिंग यांची, हेही ते तिथेच मोकळेपणाने सांगतात. गाय आल्म्स आणि मॅट मॅथिस यांनाही ती सुचली होती हे नंतर कळल्यावर त्यांनी तीही नोंद केली. आधी कुणाला सुचली यापेक्षा ती कुणी लपवून ठेवली नाही याचाच त्यांना आनंद होता. मला या टिपणाचं कोडइतकंच मोल वाटतं.

कल्पना अशी. प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर टीटीएल नावाचा आकडा असतो, जास्तीत जास्त 255. प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. शून्य झालं की पॅकेट टाकून द्यायचं आणि तसं पाठवणाऱ्याला कळवायचं. वाट चुकलेली पॅकेटं गोल गोल फिरत राहू नयेत म्हणून 1981 च्या नियमांतच ही तजवीज झाली होती. ट्रेसराउट मुद्दाम टीटीएल 1 देऊन पॅकेट पाठवतो. पहिलाच राउटर ते टाकून देतो आणि तसा निरोप धाडतो. त्या निरोपावर राउटरचा स्वतःचा पत्ता असतो. मग 2, मग 3. एकाच रस्त्यावर प्रवासी पाठवत राहावं, पहिल्याला पहिल्या थांब्याचं तिकीट, दुसऱ्याला दुसऱ्याचं, आणि ज्याला जिथे उतरवलं तिथून त्याने फोन करावा, तसं हे. मुक्काम आला हे कसं ओळखायचं? जेकबसन यांनी पॅकेटं 33434 पासून पुढच्या पोर्टांवर सोडली. तिथे सहसा कुणी ऐकत नसतं, म्हणून शेवटचा संगणकही ‘असं पोर्ट इथे नाही’ अशी तक्रारच करतो. सगळी माहिती तक्रारींतून मिळते. राउटरांत नवं काही बसवावं लागलं नाही की कुणाची परवानगी काढावी लागली नाही, आणि म्हणूनच ही युक्ती आजही चालते.

पडद्यावर दर टप्प्याला एक ओळ उमटते: पत्ता आणि तीन वेळा, मिलिसेकंदांत. खरी गोडी त्या ओळी वाचण्यात आहे. राउटरांच्या नावांत पुष्कळदा विमानतळांची लघुरूपं असतात. ‘बॉम’ म्हणजे मुंबई, ‘एमआरएस’ म्हणजे मार्से. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर शंभर किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. एका ओळीत 4 आणि पुढच्या ओळीपासून सलग शंभरावर आकडे दिसले, तर मध्ये बहुधा समुद्र आहे. 2008 च्या जानेवारीअखेर अलेक्झांड्रियाजवळ समुद्री केबल तुटल्या आणि भारतातली बरीच वाहतूक उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून वळवावी लागली. असा वळसा ट्रेसमध्ये ओळीओळीने मोजता येतो. एकाच शहरातल्या दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधली पॅकेटं पूर्वी परदेशी जाऊन परत येत. तो फेरा टाळण्यासाठी 2003 मध्ये निक्सी ही संस्था उभी राहिली आणि देशातली वाहतूक देशातच एकमेकांना सोपवण्याची सोय झाली.

वाचताना घाई मात्र नडते. एखाद्या ओळीत वेळांच्या जागी तीन चांदण्या (*) दिसल्या की नवखा माणूस तिथेच बिघाड ठरवतो. पण पुढच्या ओळी नीट येत असतील तर तो राउटर फक्त उत्तर देत नाहीये, पॅकेटं मात्र पुढे सोडतोय. मधल्याच एका ओळीत मोठा आकडा आला आणि पुढे पुन्हा उतरला, तर तेही फारसं चिंतेचं नाही. असे निरोप लिहिणं हे राउटरच्या लेखी दुय्यम काम असतं. आणखी एक गुंता पॅरिसच्या संशोधकांनी 2006 मध्ये सोडवला. मोठ्या जाळ्यांत वाहतूक समांतर वाटांवर वाटली जाते. जुना ट्रेसराउट दर पॅकेटला पोर्ट बदलत असल्याने ती वेगवेगळ्या वाटांना लागत, आणि प्रत्यक्षात नसलेले जोड दिसू लागत. त्यांच्या ‘पॅरिस ट्रेसराउट’ने वाट ठरवणारे आकडे कायम ठेवले.

परतीची वाट मात्र यात दिसतच नाही. जाताना पॅकेट एका केबलने गेलं आणि उत्तर भलत्याच देशावरून आलं, असं रोज घडतं. वेळ मात्र दोन्ही प्रवासांची मिळून मोजलेली असते. म्हणून अनुभवी इंजिनिअर एका ट्रेसवर निदान करत नाहीत. समोरच्या टोकाला बसलेल्या माणसाला ते आधी विचारतात: तुमच्याकडून आमच्याकडे ट्रेस काढून पाठवाल का?