केळीच्या पानातली उलटी प्रत

वसईजवळच्या आगाशीची सुकेळी राजेळी केळी वाळवून करतात. फळाचं कौतुक पुष्कळ झालं. आज पानाकडे वळू. पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितलवकांना स्वतःचा वेगळा डीएनए असतो. लागवडीच्या केळीची पूर्वज असलेल्या मुसा अक्युमिनाटाचा हा डीएनए २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला: १,६९,९७२ अक्षरजोड्या. त्यात ३५,४३३ जोड्यांचा एक तुकडा दोनदा येतो, दुसऱ्यांदा उलट्या दिशेने. डीएनएच्या एका धाग्यावर आधी एटीजीसीसी असेल, तर पुढे त्याच धाग्यावर जीजीसीएटी सापडतं. क्रम उलटा आणि प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचा जोडीदार.

एका प्रतीत बिघाड झाला तर दुसरीवरून तो दुरुस्त होऊ शकतो. या भागात बदल सावकाश होतात, ते बहुधा त्यामुळेच. प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोमची आरएनए-जनुकंही इथेच आहेत.

अशा उलट्या प्रतींच्या जोड्या छोट्या आणि एकमेकींच्या जवळ असल्या, तर धागा स्वतःवरच दुमडून केसाच्या पिनेसारखा होतो. जिवाणूंमध्ये अनेक जनुकांचं वाचन आरएनएतल्या अशाच पिनेपाशी थांबतं.

मग हरितलवकातली दुसरी प्रत अटळच म्हणायची? छे! मेथी, वाटाणा, हरभरा यांच्या समाईक पूर्वजाने ती कोट्यवधी वर्षांपूर्वीच गमावली, आणि ही पिकं एकाच प्रतीवर मजेत वाढतात.