गिधाडांना पुन्हा आकाश मिळाले, पण...

गिधाड हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. पण परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात साठी उलटलेल्या माणसाला विचारा. गावाबाहेर टाकलेले ढोर गिधाडे बघता बघता साफ करीत, हाडे तेवढी उरत, असे तो सांगेल. आपल्या मुलांनी मात्र गिधाड चित्रातच पाहिले आहे.

मेलेली ढोरे ओढण्याचे काम गावाने जातीच्या नावाखाली आपल्या वाडवडिलांच्या गळ्यात बांधले होते. बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले. १९२७ साली महाडला मृतमांस सोडा, असेही त्यांनी बजावले. गिधाडांवर मात्र हे काम कुणी लादले नव्हते. ते त्यांचे अन्नच होते.

१९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली. कारण सापडले २००४ मध्ये: डायक्लोफिनॅक हे सूज व वेदनेचे औषध. हे इंजेक्शन दिलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

मधल्या काळात ढोरे सडत पडली, भटकी कुत्री वाढली. २००० ते २००५ मध्ये यापायी देशात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची मेली, असा दोन अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ढोरे टाकण्याची जागा कुणाच्या वस्तीजवळ असते, हे आम्ही सांगायला नको.

हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि तिथले वनखाते गिधाडांची पैदास करतात. काम धिमे आहे. मादी वर्षाला एकच अंडे घालते. तिथून जानेवारी २०२४ मध्ये वीस गिधाडे आपल्या राज्यात आणली, दहा ताडोब्याला, दहा पेंचला. पाठीवर यंत्र बांधून त्यांना सोडले. ताडोब्याचे एक गिधाड तर थेट तामिळनाडूत पोहोचले!

म्हणजे आपल्या शिवारातले ढोरही त्याच्या वाटेवर येऊ शकते. गाय-बैल आजारी पडला तर पशुवैद्याला मेलोक्झिकॅम द्यायला सांगा. ते गिधाडांना बाधत नाही. दुकानातून माणसांचे डायक्लोफिनॅक आणून जनावराला टोचू नका. कुणी आधीच टोचले असेल आणि जनावर दगावले, तर ते उघड्यावर न टाकता पुरून टाका.