टपोरे डोळे, आणि प्रमाणाबाहेर मोठे डोळे

बाळाचे डोळे टपोरे असले की घरात कौतुक होते, आणि बहुतेक वेळा ते योग्यच असते. पण क्वचित एखाद्या बाळाचे बुबुळ खरोखरच प्रमाणाबाहेर मोठे असते. तेथे नुसत्या कौतुकात दिवस घालवणे महागात पडते.

नवजात बाळाच्या बुबुळावरील काचेसारख्या पडद्याची आडवी रुंदी सुमारे १० मिलिमीटर असते. ती १२ भरली, तर नेत्रतज्ज्ञाकडे गेलेच पाहिजे. मोठी भीती जन्मजात काचबिंदूची. डोळ्यातील पाण्याला वाट मिळत नाही, दाब वाढतो आणि कोवळा डोळा फुगतो. या फुगण्याच्या ग्रीक शब्दांवरून आलेल्या नावाचा अर्थच मुळी ‘बैलाचा डोळा’! असे बाळ उजेडात डोळे घट्ट मिटते, डोळ्यांतून पाणी गाळते, बुबुळ धुरकट दिसते. शस्त्रक्रिया वेळेवर झाली नाही तर दृष्टी जाते, ती परत येत नाही.

दुसरा प्रकार मेगॅलोकॉर्निया. हा दुर्मीळ. डोळ्याचा पुढचा भाग जन्मतःच मोठा, पण दाब ठीक आणि पडदा स्वच्छ. रोगी बहुतेक मुलगेच. कारण दोष सहसा आईकडून आलेल्या एक्स गुणसूत्रावर असतो. त्याचे जनुक २०१२ साली सापडले. (म्हणून सुनेला बोल लावू नका, तिने काही केलेले नसते.)

दोहोंतला फरक कसा ओळखावा? डॉक्टर दाब मोजतात, डोळ्याची नस पाहतात आणि ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मापतात. काचबिंदूत सबंध डोळा लांबतो. मेगॅलोकॉर्नियात काचेसारख्या पडद्यामागची पाण्याची जागा खोल असते, एकूण लांबी मात्र बहुधा नेहमीचीच.

आणखी बारीक पाहायचे तर १९९० च्या सुमारास टोरांटोत पावलिन व फॉस्टर यांनी पुढे आणलेली खास सोनोग्राफी आहे. तिच्या लहरी पोटाच्या सोनोग्राफीपेक्षा दहापटीहून अधिक वेगाने कंप पावतात. म्हणून ती जेमतेम ५ मिलिमीटर खोल पाहते, पण रंगीत पडद्यामागचेही दाखवते. प्रकाशावर चालणारे ओसीटी यंत्र डोळ्याला न टेकता चित्र काढते, परंतु त्या पडद्याआड त्याला नीट दिसत नाही.

आणि खरी गोम तेथेच असते. पुढच्या भागाचे कडे रुंद झाल्याने भिंगाला धरणारे तंतू ताणले जातात, आणि भिंग जुन्या खाटेच्या सुंभावर ठेवल्यासारखे हलते. अशा माणसाला मोतीबिंदूही लवकर होतो, ऐन कमावत्या वयात. नेहमीच्या मापाचे कृत्रिम भिंग त्याच्या डोळ्यात नीट बसेलच असे नाही. तेव्हा लहानपणीचे तपासणीचे कागद जपून ठेवावेत आणि शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना दाखवावेत.