गाणं देवाचं, रॉयल्टी कुणाची?

चॅरिटीसाठी काढलेली सीडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी घेतली असेल. ख्रिसमसच्या आसपास ऑफिसात कुणीतरी पुढे केलेली... शंभरची नोट दिली, सीडी ड्रॉवरमध्ये टाकली, विषय संपला. त्या शंभरातले किती रुपये कुणाकडे गेले, हे आपण विचारत नाही. चांगल्या कामाला कसला हिशेब विचारायचा! 2008 मध्ये मात्र बारा ख्रिस्ती गीतकारांनी हा हिशेब गाणी लिहायच्या आधीच मांडला. आणि त्याची ठिणगी पडली होती आपल्या मुंबईत.

मार्टिन स्मिथ हा डिलिरियस या ब्रिटिश बँडचा गायक. इंग्लंडमधल्या लिटलहॅम्प्टन या समुद्रकाठच्या गावातून 1990च्या दशकात वर आलेला हा बँड. गिटार, ड्रम्स, एकदम स्टेडियम दणाणून सोडणारा आवाज, आणि शब्द मात्र प्रार्थनेचे. भारतात आला असताना मार्टिन मुंबईच्या रेड लाइट भागातल्या ‘प्रेम किरण’ या प्रकल्पात गेला. देहविक्री करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी तिथे काम चालतं. तिथे भेटलेली एक लहान मुलगी काही केल्या त्याच्या डोक्यातून जाईना. आता, दौऱ्यावरच्या कलाकाराचे डोळे पाणावणं ही काही बातमी नव्हे. फोटो निघतात, विमान सुटतं, पुढच्या शहरात पुढचा शो. मार्टिन आणि त्याची बायको अ‍ॅना यांनी मात्र घरी जाऊन ‘कम्पॅशनआर्ट’ नावाची संस्था काढली.

कल्पना साधी होती. आपल्याला येतं काय? गाणी लिहिता येतात. मग पैसे देण्यापेक्षा गाणीच देऊन टाकू!

जानेवारी 2008 मध्ये स्कॉटलंडमध्ये बारा जण आठवडाभर एकत्र राहिले. इंग्लंडचे ग्रॅहम केंड्रिक, मॅट रेडमन आणि टिम ह्यूज्स, अमेरिकेचे मायकेल डब्ल्यू. स्मिथ, स्टीव्हन कर्टिस चॅपमन, क्रिस टॉमलिन आणि इस्रायल हॉटन, ऑस्ट्रेलियाची डार्लीन चेक... चर्चच्या जगाबाहेर ही नावं फारशी कुणाला माहीत नसतील. तेव्हा असं समजा, की श्रीधर फडके, अशोक पत्की, सलील कुलकर्णी आणि अवधूत गुप्ते यांना महाबळेश्वरच्या एका बंगल्यात आठवडाभर ठेवलं आणि सांगितलं, जे सुचेल ते सगळ्यांचं! एक अल्बम भरून उरतील इतकी गाणी झाली. एमी ग्रँट, सीसी विनन्स, कर्क फ्रँकलिन असे पाहुणे गायला आले आणि वर्षाअखेरीस अल्बम बाजारात येऊ लागला. खरं सांगायचं, तर सगळीच गाणी कानात राहत नाहीत. बारा आचारी एका कढईत हात घालतात तेव्हा तिखट जरा कमीच पडतं. ‘फ्रेंड ऑफ द पुअर’ मात्र शांतपणे ऐकावं असं.

खरी गंमत पडद्यामागे आहे. एका गाण्यातून पैसे निघतात ते अनेक खिशांत जातात. गीतकार, संगीतकार, त्यांचे प्रकाशक, रेकॉर्ड कंपनी, मॅनेजर. या अल्बमसाठी त्या सगळ्यांकडून आपापला वाटा सोडल्याचं कबूल करून घेतलं गेलं. शिवाय ही चर्चमध्ये म्हणायची गाणी. परदेशात पडद्यावर गाण्याचे शब्द दाखवायचे किंवा कॉप्या काढायच्या, तर चर्च वर्षाला लायसन्स फी भरतं आणि त्यातला वाटा गीतकाराकडे जातो. म्हणजे सीडीचा खप आटला, तरी कुठल्यातरी गावात रविवारी ते गाणं पडद्यावर येतंय, तोवर थोडे थोडे पैसे येत राहणार. एकरकमी चेकमध्ये ही सोय कुठे?

आधी कागद करणं किती महत्त्वाचं, हे रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांना विचारायला हवं होतं. 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यू यॉर्कला त्यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली. तिकिटांचे सुमारे अडीच लाख डॉलर युनिसेफकडे गेले. पण करसवलतीची व्यवस्था आधी केलेली नव्हती. त्यामुळे अल्बम आणि फिल्मचे लाखो डॉलर अमेरिकन करखात्याच्या कचाट्यात कित्येक वर्षं अडकून पडले. निर्वासितांची भूक काही तोवर थांबणार नव्हती.

आता आपल्याकडे या. समजा, तुम्ही मूळचे नांदगावचे. नोकरी पुण्यात, शनिवारी गाडी पकडून घरी, रविवारी चर्चमध्ये गिटार. चार मित्र मिळून गावच्या मुलांच्या शिक्षणासाठी अल्बम काढायचं ठरवता. स्कॉटलंडचा फॉर्म्युला जसाच्या तसा चालेल? नाही चालणार. 2012 मध्ये आपला कॉपीराइट कायदा बदलला. गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा हक्क आता सोडून देता येत नाही. वारसांना किंवा रॉयल्टी वसूल करणाऱ्या सोसायटीलाच तो देता येतो. कंपन्या कलाकाराची सही घेऊन सगळंच खिशात घालायच्या, म्हणून ही तरतूद आली आणि ती योग्यच आहे. पण मनापासून द्यायचं म्हटलं, तरी पैसे आधी तुमच्या खात्यात येणार, मग तुम्ही ते द्यायचे. दर वर्षी, आठवणीने... आणि खरी परीक्षा तीच! आणखी एक, धार्मिक विधीत गाणं म्हटलं तर आपल्या कायद्यात कॉपीराइटचा भंग होत नाही. त्यामुळे नांदगावच्या रविवारच्या उपासनेतून पैसे येण्याची आशा नको.

एक वाट मात्र मोकळी आहे. नारायण वामन टिळकांची भजनं. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई म्हणजे ‘स्मृतिचित्रे’वाल्या, त्यांचे हे यजमान. (1893 मध्ये रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसाने टिळकांना बायबलचा नवा करार दिला, तेव्हा ते नांदगावलाच निघाले होते. पण ते राजनांदगाव, छत्तीसगडमधलं!) मराठी चर्चमध्ये पाश्चात्त्य चालींच्या जोडीला अभंग आणि कीर्तन रुजवण्यात टिळकांचा मोठा वाटा. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला. 1919 मध्ये ते गेले. आपल्याकडे आता कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट राहतो, पण तेव्हा ही मुदत 50 वर्षं होती, म्हणजे 1969 संपताच त्यांचे शब्द सगळ्यांसाठी खुले झाले. परवानगी नको, रॉयल्टीही नको.

उरतो तो रेकॉर्डिंगचा हक्क. तो निर्मात्याचा असतो आणि प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतो. तेव्हा स्टुडिओ बुक करताना निर्माता म्हणून स्वतःचं नाव टाकू नका. ज्या ट्रस्टला पैसे द्यायचेत, त्यालाच निर्माता करा, तसा करार करा, आणि वादकांच्या सह्या पहिला टेक व्हायच्या आधी घ्या.