एक रेपो, अनेक फोल्डर

जुलै २०१५ मध्ये गिटची २.५ ही आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात 'वर्कट्री' नावाची एक नवी कमांड होती. एकाच रेपोच्या दोन-चार ब्रांच वेगवेगळ्या फोल्डरमध्ये एकाच वेळी उघड्या ठेवता याव्यात, एवढंच तिचं काम. रोज गिट वापरणाऱ्या बहुसंख्य लोकांना ती आल्याचं कळलंही नाही आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं त्यांचं तिच्यावाचून काही अडलं नाही. २०२५ मध्ये चित्र पालटलं. कालपर्यंत जिचं नाव न ऐकलेली माणसंही "त्यासाठी वेगळी वर्कट्री काढ" असं सहज म्हणू लागली.

गंमत अशी की ब्रांचला स्वतंत्र फोल्डर ही कल्पना गिटच्याही आधीची आहे. सबव्हर्जनची १.० आवृत्ती फेब्रुवारी २००४ मधली. त्यात ट्रंक, ब्रांचेस, टॅग्ज हे सर्व्हरवरचे साधे फोल्डरच असत. बहुतेक लोक ट्रंक एका डिरेक्टरीत आणि रिलीजची ब्रांच दुसऱ्या डिरेक्टरीत चेकआउट करून ठेवत. जागेवर ब्रांच बदलायची 'स्विच' ही कमांड होती, पण तिच्या वाटेला जाणारे थोडे. मोठ्या कंपन्यांच्या क्लिअरकेसमध्ये तर कामागणिक एक 'व्ह्यू' काढायचा रिवाज होता. कोणत्या फाइलची कोणती आवृत्ती दिसावी हे 'कॉन्फिग स्पेक'मध्ये ओळीने लिहायचं, आणि डायनॅमिक व्ह्यू असला तर नेटवर्क रडायला लागलं की आपणही रडायचं. हे सगळं जड होतं, महाग होतं. पण हातातलं काम तसंच उघडं टाकून दुसऱ्या कामाला लागायची सोय त्यात होती.

एप्रिल २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या मंडळींना फुकट मिळणारं बिटकीपर बंद झालं आणि लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. त्याच महिन्यात ऑलिव्हिया मॅकॉल यांनी मर्क्युरियल सुरू केलं. बिटकीपरमध्ये नवी ब्रांच म्हणजे नवा क्लोन; मर्क्युरियलच्या सुरुवातीच्या दिवसांत वळण तेच होतं. गिटने मात्र लवकरच वेगळी वाट धरली. गिटमध्ये ब्रांच म्हणजे एका कमिटचा चाळीस अक्षरी पत्ता लिहिलेली इवलीशी फाइल. ती काढायला वेळ लागत नाही, मोडायला लागत नाही, आणि चेकआउट केलं की त्याच फोल्डरमधल्या फाइली डोळ्यांदेखत बदलतात. सबव्हर्जनमधून आलेल्या माणसाला ही जादूच वाटली. गिट शिकवणारा प्रत्येक जण पहिल्या तासाला हीच जादू दाखवायचा, आणि तिच्यामुळेच एक रेपो म्हणजे एक फोल्डर हे समीकरण पक्कं झालं.

जादूची किंमत कामाला बसल्यावर कळते. शुक्रवारी संध्याकाळी फीचर अर्धवट असताना प्रॉडक्शनवरून फोन येतो. मग हातातलं काम स्टॅश करा, मेन ब्रांचवर या, हॉटफिक्सची ब्रांच काढा. तेवढ्यात फाइलींच्या वेळा बदललेल्या असतात, त्यामुळे 'मेक'ला वाटतं की बरंच काही नवं आहे, आणि सी++चा मोठा प्रकल्प असेल तर चहा पिऊन आलात तरी बिल्ड चालूच. एडिटर पुन्हा इंडेक्सिंगला बसतो. दोन ब्रांचच्या पॅकेज-यादीत फरक असेल तर 'नोड मॉड्यूल्स' तिसऱ्याच अवस्थेत. हॉटफिक्स गेला की हेच सगळं उलट्या क्रमाने. स्टॅशची सोय २००७ मध्ये, १.५.३ या आवृत्तीत आली आणि तिने वेळ मारून न्यायला मदत केली. पण ज्याच्या यादीत सहा महिन्यांपूर्वीचे चार बेनाव स्टॅश पडलेले नाहीत, असा प्रोग्रामर मला अजून भेटायचा आहे.

यावर हुशार लोकांचा तोडगा म्हणजे दुसरा क्लोन. त्याच डिस्कवर केला तर गिट हार्डलिंक वापरतं, त्यामुळे जागाही फारशी जात नाही. पण मग दोन संसार सांभाळायचे. इकडे फेच केलेलं तिकडे नसतं, तिकडे काढलेली ब्रांच इकडे दिसत नाही. २००७ मध्येच गिटच्या 'कॉन्ट्रिब' विभागात 'गिट-न्यू-वर्कडिर' नावाची एक छोटी शेल स्क्रिप्ट आली. ती नवा फोल्डर करायची आणि मूळ रेपोच्या पोटातल्या गोष्टींकडे सिमलिंक टाकायची. चालायची छान, पण भरवसा नव्हता. तीच ब्रांच दोन्हीकडे उघडी असली आणि एकीकडे कमिट झालं, तर दुसरीकडे स्टेटसमध्ये तेच बदल उलटे दिसायचे. त्याहून वाईट म्हणजे मूळ रेपोला या जादा फोल्डरचा पत्ताच नसे, त्यामुळे तिथलं एखादं सुटं कमिट साफसफाईत कचरा म्हणून जाण्याची भीती असायची.

न्गुयेन थाय न्गोक झुई यांनी हे काम गिटच्या गाभ्यात नेलं. आधी त्याचं रूप चेकआउटच्या एका पर्यायाचं होतं, २.५ बाहेर पडण्याच्या तोंडावर एरिक सनशाइन यांनी ते 'वर्कट्री ॲड' या स्वतंत्र कमांडमध्ये आणलं. तिने केलेला फोल्डर उघडून पाहण्यासारखा आहे. नेहमीच्या रेपोत 'डॉट गिट' हा फोल्डर असतो. इथे त्याच नावाची एक साधी फाइल दिसते. तिच्यात एकच ओळ: 'गिटडिर', आणि पुढे मूळ रेपोतल्या 'वर्कट्रीज' फोल्डरमधला एक पत्ता. त्या पत्त्यावर गेलं की या वर्कट्रीचा स्वतःचा हेड आणि स्वतःचा इंडेक्स सापडतो. कमिट, ब्रांच, रिमोट, इतिहास सगळं सामाईक. गोदाम एक, दुकानं अनेक. आणि मूळ रेपोकडे प्रत्येक दुकानाची नोंद असल्याने साफसफाईची भीतीही कालांतराने गेली.

या रचनेतला सर्वांत शहाणा निर्णय मात्र एका नकाराचा आहे. एका वर्कट्रीत उघडी असलेली ब्रांच दुसरीकडे उघडायला गेलात तर गिट साफ नाही म्हणतं, आणि ती कुठे उघडी आहे तो पत्ताही सांगतं. नवशिक्यांना याचा राग येतो. जबरदस्ती करायचा पर्याय आहे, पण तो वापरायचं कारण मला कधी पटलेलं नाही. जुन्या स्क्रिप्टमधला उलट्या बदलांचा घोळ या एका नकारानेच संपला.

पुढची वाढ संथ झाली. सगळ्या वर्कट्रींची यादी दाखवणारी 'लिस्ट' जानेवारी २०१६ मध्ये, २.७ मध्ये आली. म्हणजे पहिले काही महिने किती फोल्डर काढलेत हे ज्याचं त्याने लक्षात ठेवायचं. पेनड्राइव्हवरची वर्कट्री डिस्क काढून घेतल्यावर नोंदीतून पुसली जाऊ नये म्हणून 'लॉक' आलं. 'मूव्ह' आणि 'रिमूव्ह' यायला एप्रिल २०१८ उजाडला. तोवर फोल्डर हाताने उडवायचा आणि मग 'प्रून' करायचं. फोल्डर हलवल्याने तुटलेले पत्ते जोडणारं 'रिपेअर' २०२० मधलं. आणि 'डॉट गिट'मधला तो पत्ता सापेक्ष ठेवायची सोय, जी कंटेनरमध्ये काम करणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून हवी होती, ती जानेवारी २०२५ च्या २.४८ मध्ये मिळाली.

एवढं सगळं असून लोक फिरकले का नाहीत? माझ्या मते दोष गिटच्या बाहेरचा. वर्कट्री फक्त गिटच्या ताब्यातल्या फाइली देते, आणि आजचा कुठलाही प्रकल्प तेवढ्यावर उभा राहत नाही. नव्या फोल्डरमध्ये 'डॉट ईएनव्ही' नसते, कारण ती मुद्दाम गिटबाहेर ठेवलेली. पॅकेजेस पुन्हा बसवायची. दोन्हीकडे सर्व्हर चालू केला की ३००० नंबरच्या पोर्टवर भांडण. डेटाबेस तर एकच. एका ब्रांचने मायग्रेशन चालवलं की दुसरीचा कोड नसलेला कॉलम शोधत बसतो. पहिल्यांदा वापरणारा इथेच कंटाळतो आणि स्टॅशकडे परततो. स्टॅश सामाईक असतो, हेही अनेकांना ठाऊक नसतं: एका वर्कट्रीत ठेवलेलं दुसरीत निघतं.

२०२५ मध्ये बदलली ती काम करणाऱ्यांची संख्या. क्लॉड कोड हे कोड लिहिणारं एआय साधन फेब्रुवारीत आलं, पाठोपाठ त्या जातीची इतर साधनं आली, आणि एकाच माणसाच्या हाताखाली दोन-तीन एजंट एकाच वेळी कोड लिहू लागले. दोन एजंट एकाच फोल्डरमध्ये सोडले तर एकाने सुधारलेली फाइल दुसरा बिघडवणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तयार उत्तर दहा वर्षं पडून होतंच. कर्सर या एडिटरच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या २.० आवृत्तीने तर एकावेळी आठ एजंट चालवायची सोय दिली, आणि खाली तीच वर्कट्री. माणसाला जे सेटअप कंटाळवाणं वाटायचं, ते आता स्क्रिप्ट करते: ईएनव्ही कॉपी कर, पॅकेज बसव, पोर्ट बदल.

तरी आठ वर्कट्री उघडल्या की काम आठपट होतं, हा समज मला मान्य नाही. वर्कट्री भांडण मिटवत नाही, पुढे ढकलते. दोन ब्रांचनी एकच फंक्शन बदललं असेल तर मर्जच्या वेळी ते समोर येणारच, आणि तिथे दोन्ही बाजू वाचून निर्णय घेणारं डोकं एकच असतं. दोन-तीनच्या पुढे मला तरी ते जमत नाही. एक फीचरसाठी, एक हॉटफिक्ससाठी आणि जमल्यास एक दुसऱ्याची पुल रिक्वेस्ट चालवून बघायला, एवढ्यातच तिचं खरं सुख आहे.

गिटच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये या कमांडच्या तळाशी 'बग्ज' असा दोन-तीन ओळींचा भाग आहे. एकापेक्षा अधिक चेकआउट हे अजून प्रायोगिक आहे, सबमॉड्यूलचा आधार अपुरा आहे, आणि सबमॉड्यूल असलेल्या प्रकल्पात हे वापरू नये, असं तिथे लिहिलं आहे. तुमच्या प्रकल्पात सबमॉड्यूल असतील तर आधी तो भाग वाचा. नसतील तर पुढच्या शुक्रवारी फोन आल्यावर स्टॅशऐवजी वर्कट्री काढा, आणि काम झाल्यावर आठवणीने 'रिमूव्ह' करा.