ॲलिस गी : पहिली महिला दिग्दर्शक विस्मृतीत कशी गेली?

चित्रपटाच्या सुरुवातीच्या इतिहासात ल्युमिए बंधू आणि जॉर्ज मेलिएस ही नावे हमखास येतात. त्याच काळात पॅरिसमध्ये चित्रपट बनवणाऱ्या ॲलिस गी यांचे नाव मात्र अनेक दशके गायब होते. त्या जगातील पहिल्या महिला दिग्दर्शक मानल्या जातात.

१८७३ मध्ये जन्मलेल्या ॲलिस १८९४ मध्ये लेआँ गोमाँ यांच्याकडे सचिव म्हणून रुजू झाल्या. मार्च १८९५ मध्ये त्यांनी ल्युमिए बंधूंचे प्रात्यक्षिक पाहिले. पडद्यावर कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार दिसत होते. याच यंत्राने गोष्टही सांगता येईल, असे ॲलिस यांना वाटले. कचेरीचे काम अडणार नसेल तर चित्रपट बनवा, असे म्हणून गोमाँ यांनी परवानगी दिली. त्यातून कोबीच्या गड्ड्यांमधून बाळे काढणाऱ्या परीचा छोटासा चित्रपट तयार झाला. त्याचे साल त्यांनी १८९६ सांगितले. काही अभ्यासक तो नंतरचा मानतात.

पुढे गोमाँ कंपनीच्या चित्रपटनिर्मितीची सूत्रे त्यांच्या हाती आली. १९०६ मध्ये त्यांनी येशूच्या जीवनावर २५ दृश्यांचा भव्य चित्रपट केला. १९०७ मध्ये हर्बर्ट ब्लाशे यांच्याशी विवाह करून त्या अमेरिकेला गेल्या. तेथे १९१० मध्ये त्यांनी ‘सोलॅक्स’ कंपनी स्थापन केली आणि न्यू जर्सीतील फोर्ट ली येथे स्टुडिओ उभारला. ‘नैसर्गिक अभिनय करा’ अशी पाटी त्यांनी कलाकारांसाठी लावली होती.

१९२२ मध्ये घटस्फोट झाला आणि त्या फ्रान्सला परतल्या. त्यानंतर त्यांना एकही चित्रपट करता आला नाही.

मग नाव पुसले कसे गेले? सुरुवातीच्या चित्रपटांत श्रेयनामावली नसे. बहुतेक प्रती नष्ट झाल्या. त्यामुळे इतिहासकार लिहितील ते प्रमाण ठरले आणि त्यांनी ॲलिस यांचे काही चित्रपट पुरुष सहकाऱ्यांच्या नावावर टाकले. उतारवयात ॲलिस यांनी स्वतः आपल्या चित्रपटांच्या याद्या केल्या, प्रतींचा शोध घेतला, आठवणी लिहिल्या. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात दहा फ्रेंच स्त्रियांचे सोनेरी पुतळे उभारले गेले. त्यांत ॲलिस गीही होत्या. त्यांचे शेकडो चित्रपट मात्र आज पाहायला मिळत नाहीत.