‘मर्डर’: थिएटरातला आणि घरातला

२ एप्रिल २००४ रोजी ‘मर्डर’ पडद्यावर आला. अनुराग बासू दिग्दर्शक, मुकेश भट निर्माते, मल्लिका शेरावत आणि इम्रान हाश्मी प्रमुख भूमिकांत. विवाहित स्त्रीचे परपुरुषाशी संबंध, मग खून आणि संशय. हे कथासूत्र एड्रियन लाइनच्या २००२ सालच्या ‘अनफेथफुल’चे, आणि ‘अनफेथफुल’ स्वतः क्लोद शाब्रोलच्या १९६९ सालच्या फ्रेंच चित्रपटावर बेतलेला. ‘मर्डर’ला ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र मिळाले. गाणी घरोघरी वाजली, प्रणयदृश्यांवरून वाद झाला आणि चित्रपट जोरात चालला.

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यातल्या प्रेक्षकापर्यंत असा चित्रपट त्या काळी तीन वाटांनी पोहोचू शकत होता: यवतमाळच्या थिएटरात, दुकानातून आणलेल्या सीडीवर किंवा टीव्हीवर. नाव तेच, पण प्रत्येक वाटेचे नियम वेगळे. त्यामुळे तिन्ही ठिकाणी दिसणारा चित्रपट एकच असेल याची खात्री नसते. हे कसे घडते, ते क्रमाने पाहू.

सुरुवात होते प्रमाणपत्रापासून. आपण ज्याला सवयीने सेन्सॉर बोर्ड म्हणतो ते केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली काम करते. मुख्यालय मुंबईत. मुंबईचा निर्माता तिथल्या प्रादेशिक कार्यालयात अर्ज करतो. ‘मर्डर’च्या काळच्या नियमांनुसार मोठ्या लांबीचा चित्रपट तपासणी समिती बघत असे. तिच्यात मंडळाचा एक अधिकारी आणि सल्लागार मंडळातले चार सदस्य असत, आणि त्यात दोन स्त्रिया असाव्या लागत. निर्णय पटला नाही तर पुनरीक्षण समिती, तिथेही नाही पटला तर दिल्लीचे अपील न्यायाधिकरण, आणि शेवटी न्यायालय. हे न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाले. आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालयात जावे लागते. छोट्या निर्मात्यासाठी ही पायरी फार महाग पडते, आणि ती काढायला नको होती असे मला ठामपणे वाटते.

चित्रपटाच्या आरंभी झळकणारा प्रमाणपत्राचा कागद बहुतेक जण वाचत नाहीत. तो वाचायला शिकावे. त्यावर श्रेणी असते, लांबी असते, समितीतल्या सदस्यांची नावे असतात. डाव्या कोपऱ्यात खाली त्रिकोण काढलेला असेल तर चित्रपटाला कात्री लागून प्रमाणपत्र मिळाले आहे, असा त्याचा अर्थ. काय काय कापले त्याची नोंद प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात असते. रिळांच्या काळात ही लांबी मीटरमध्ये मोजत. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने धावते, म्हणजे मिनिटाला सुमारे २७ मीटर. एखादे दृश्य ‘निम्मे करा’ असा आदेश आला की किती मीटर निघाले याचा हिशेब द्यावा लागे. कारण प्रमाणपत्र नावाला मिळत नाही, त्या नेमक्या लांबीच्या, नेमक्या रूपातल्या चित्रपटाला मिळते. नंतर एक दृश्य काढायचे झाले तरी मंडळाला कळवावे लागते.

इथून चित्रपट वितरकाच्या हाती जातो. हिंदी चित्रपटाच्या धंद्यात विदर्भ ज्या विभागात मोडतो त्याला आजही ‘सी. पी. बेरार’ (मध्य प्रांत व वऱ्हाड) म्हणतात. तो प्रांत सरकारी नकाशावरून केव्हाच गेला, वितरकांच्या व्यवहारात मात्र राहिला. वऱ्हाडातले यवतमाळ त्याच विभागात. प्रती मोजक्या असत, म्हणून मोठ्या शहरांत फिरून झिजलेली प्रत लहान गावी उशिरा यायची. वाटेत कुणी दृश्य कापले किंवा परके तुकडे जोडले तर तो गुन्हा. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ७ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

व्हिडिओची वाट जास्त गुंतागुंतीची आहे. १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर आले आणि चोरट्या कॅसेटींचा सुळसुळाट झाला. म्हणून १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात ५२-अ हे कलम घातले गेले. त्यानुसार व्हिडिओच्या वेष्टनावर आणि चालू करताच पडद्यावर तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: चित्रपटाच्या प्रमाणपत्राची प्रत, कॅसेट किंवा सीडी बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि त्याने हक्क रीतसर घेतल्याचे निवेदन, आणि मूळ हक्कदाराचे नाव-पत्ता. जुनी सीडी घरात असेल तर वेष्टन उलटून बघा. यातले काहीच नसेल तर ती चोरीची. सार्वजनिक ठिकाणी प्रमाणपत्राविना व्हिडिओ दाखवणाऱ्याला सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या त्याच कलम ७ मध्ये किमान तीन महिने कैद आणि किमान वीस हजार दंड आहे. थिएटरवाल्याला अशी किमान शिक्षा नाही. महाराष्ट्राने २००९ मध्ये आणखी पुढे जाऊन झोपडपट्टीदादांना स्थानबद्ध करण्याच्या आपल्या कायद्यात व्हिडिओ चोरांनाही आणले.

तरी चोरी थांबली नाही, कारण किंमत. सीडीवर तासाभराहून थोडे अधिक चित्रण मावते, म्हणून एक हिंदी चित्रपट दोन-तीन चकत्यांवर विकावा लागे. २००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने २८ रुपयांत सीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा कुठे अधिकृत माल चोरीच्या मालाच्या भावाजवळ आला.

आता टीव्ही, आणि इथे खटला मुंबईचाच. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी टीव्हीवरच्या ‘ए’ चित्रपटांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने प्रौढांसाठीचे चित्रपट दाखवण्यास मनाई केली. ऑगस्ट २००६ मध्ये मुंबई पोलिसांनी केबलचालकांवर कारवाई केली आणि शहरात चित्रपट वाहिन्या काही काळ बंद पडल्या. केबलच्या नियमांतही तशी दुरुस्ती झाली. तेव्हापासून ‘ए’ चित्रपट टीव्हीवर आणायचा तर आधी दृश्ये काढून ‘यूए’ मिळवावे लागते.

टीव्हीचे हक्क ही निर्मात्याची मोठी कमाई. म्हणून काटछाट केलेली दुसरी आवृत्ती जवळजवळ प्रत्येक ‘ए’ चित्रपटाची निघते. तीही सुखरूप पोहोचेल असे नाही. ‘द डर्टी पिक्चर’मध्ये पन्नासहून अधिक ठिकाणी कात्री लावून ‘यूए’ घेतले होते. २२ एप्रिल २०१२ चे प्रसारण जाहीर झाले होते. माहिती व प्रसारण मंत्रालयाने रात्री अकरानंतर दाखवा असे कळवले आणि वाहिनीने कार्यक्रमच रद्द केला. त्याच चित्रपटातल्या अभिनयासाठी विद्या बालनला २०११ सालचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला होता.

अमेरिकेत नेमके उलट घडते. पॉल व्हर्होवेनच्या ‘बेसिक इन्स्टिंक्ट’ला १९९२ मध्ये ‘आर’ दर्जासाठी थोडी दृश्ये काढावी लागली. पुढे तीच दृश्ये परत घालून व्हिडिओवर ‘अनरेटेड’ आवृत्ती विकली गेली. तिथले दर्जे उद्योगाने स्वतः लावून घेतलेले असल्याने दर्जाशिवाय विक्री कायदेशीर आहे. ब्रिटनने मात्र १९८४ च्या कायद्याने व्हिडिओला स्वतंत्र प्रमाणपत्र सक्तीचे केले. घरात मुलांच्या हाती पडण्याचा आणि एकच दृश्य पुन्हापुन्हा बघितले जाण्याचा विचार त्यामागे होता. आपल्याकडे ‘विनाकाट’ असे लिहिलेली चकती विकायला कायदेशीर जागाच नव्हती. परिणाम दुःखद झाला. पैसे मोजून टीव्ही बघणाऱ्या प्रौढाला अर्धवट चित्रपट मिळाला, आणि फुटपाथवर वेष्टनाशिवायची चकती कोणत्याही वयाच्या मुलाला मिळत राहिली.

आता चौथी वाट मोबाइलची. ओटीटीला मंडळाचे प्रमाणपत्र लागत नाही. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनुसार कंपनीच स्वतः श्रेणी लावते: ‘यू’, सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील ‘यूए’, आणि ‘ए’. तेरा आणि त्यावरच्या श्रेणींना कुलूप देणे आणि ‘ए’साठी वय पडताळणे तिच्यावर बंधनकारक आहे. २०२३ च्या दुरुस्तीने थिएटरच्या चित्रपटांनाही वयाचे हेच टप्पे लागू झाले. मला ही पद्धत कात्रीपेक्षा न्याय्य वाटते: प्रौढाला पूर्ण कलाकृती मिळते आणि मुलापासून ती दूर ठेवण्याचे साधन घरच्यांच्या हाती येते.

पण ते साधन वापरले तरच उपयोगाचे. घरातल्या फोनवर आणि टीव्हीवर ओटीटीची खाती असतील, तर मुलांसाठी वेगळे प्रोफाइल करा, सेटिंगमध्ये जाऊन वयाची मर्यादा लावा आणि पिन मुलांना सांगू नका. पाच मिनिटांचे काम आहे, आजच करा.